पहिल्या हाकेची ओ

तिन्ही कॉलेजांची माहितीपत्रकं इतकी गुळगुळीत होती की त्यांतल्या एकावरही माझा विश्वास बसेना. बारावी झाली होती. सिनेमा शिकायचा, हे मी घरात सांगून टाकलं होतं. घरात म्हणजे आईला, कारण घरात आम्ही दोघीच. आई म्हणाली होती, "बघू." आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे नाही नव्हे, पण होय तर मुळीच नव्हे. मुंबईचे मामा मात्र फोनवर भरभरून बोलले. सिनेमाचं कॉलेज असतं हेच त्यांना नवीन होतं. असतं म्हटल्यावर लगेच त्यांनी तिथं काय काय चालतं तेही मला सांगितलं.

एक कॉलेज पुण्याच्या बाहेर, नवंकोरं, काचेचं. दुसरं मुंबईत, मामांच्या घरापासून रिक्षाने जाता येईल असं. तिसरं खाली दक्षिणेत, खेडहून आधी रत्नागिरी गाठायची आणि तिथून लांबची गाडी धरायची, इतकं दूर. आईची पसंती उघड होती. मामांच्या घरी राहायचं, मामीच्या हातचं खायचं, शनिवार-रविवारी येष्टीने घरी. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. फक्त त्यात सिनेमा कुठेच नव्हता.

मी माझ्या परीने तुलना सुरू केली. आधी अभ्यासक्रम वाचले. ते तिन्हीकडे एकाच माणसाने लिहिल्यासारखे होते. मग कॅमेरे किती, ते पहिल्या वर्षाला हातात देतात की कपाटात ठेवतात, शिकवणाऱ्यांनी स्वतः काय केलंय, हे शोधलं. काचेच्या कॉलेजने प्रत्येक प्रश्नाला ‘आमच्याकडे या, कॅम्पस पाहा’ असं उत्तर पाठवलं. आमच्या बारावीच्या सरांनीच शेवटी शहाणपणाचं सांगितलं, की कॉलेज कसं आहे ते त्याच्या भिंतींवरून नको, पोरांनी काय केलंय त्यावरून ठरव. तिन्ही कॉलेजांच्या विद्यार्थ्यांच्या फिल्म नेटवर होत्याच. मी त्या बघायला लागले, आणि दोन दिवसांत माझ्या लक्षात आलं की मी त्या बघत नाही, ऐकते आहे. फोन उलटा ठेवून ऐकलं तरी मला कॉलेज ओळखता यायचं. काचेच्या कॉलेजात दर अर्ध्या मिनिटाला पियानो वाजायचा. मुंबईवाले सतत बोलायचे, पण बोलायचे छान. दक्षिणेतली मुलं गप्प बसायची. त्यांच्या फिल्ममध्ये दार, पाणी, कुत्रं, लांबचा पंप असलं सगळं ऐकू यायचं आणि माणूस शेवटी बोलायचा. मला ते आवडलं. आईला सांगायची मात्र हिंमत होत नव्हती.

दक्षिणेतल्या मुलांचीच एक फिल्म मी एका दुपारी लावली. पडवीत बसले होते, इयरफोन बिघडलेले, म्हणून आवाज मोकळाच. आत आई कोलंबी सोलत होती. फिल्म खाडीतून माणसं होडीने पार नेणाऱ्या एका तरीवाल्या म्हाताऱ्याची होती, दहा-बारा मिनिटांची. पहिल्याच दृश्यात खाडी आली आणि मी सरळ बसले. ती आमची खाडी होती. मुरुडच्या अलीकडे, आमच्या वाडीच्या खालची, मोडकी जेट्टी आणि पलीकडची दोन माडांची जोडी. म्हातारा मात्र कुणी नट होता. मला आठवलं, मी आठवीत असताना शूटिंगवाले आले होते, आठवडाभर राहिले होते. आम्ही पोरं शाळा सुटल्यावर जेट्टीवर जाऊन उभी राहायचो आणि ते आम्हाला हाकलायचे. कुठल्या कॉलेजचे, कुठून आले, हे तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

शेवटच्या दृश्यात संध्याकाळ होती. म्हातारा होडी बांधून वर बघत राहतो. रातकिडे सुरू झालेले. आणि मग लांबून, वरच्या बागेतून एक हाक आली.

"अगोऽऽ"

पडदा काळा झाला आणि नावं सुरू झाली.

आतून काही पडल्याचा आवाज आला. आई दारात येऊन उभी राहिली. तिचे हात कोलंबीने माखलेले होते आणि ते तिने अंगापासून दूर धरले होते. भर दुपार होती. समोरच्या खळ्यात ऊन इतकं होतं की बघवत नव्हतं. तो आवाज बाबांचा होता.

हे नीट सांगायला हवं. बाबा जहाजावर होते. वर्षातले आठ-नऊ महिने नसायचे. हाक मारताना ते दोन्ही तळहात तोंडाशी धरायचे आणि शेवटचं अक्षर वर उचलायचे, डेकच्या या टोकाचं त्या टोकाला कळावं तसं. आईला ते ‘अगो’ म्हणायचे. त्या एका हाकेवरून सगळी वाडी हसायची. तशी हाक आमच्याकडे दुसरं कुणी मारत नव्हतं. शूटिंगवाले गावात होते त्याच आठवड्यात बाबा वारले, आणि त्याच दिवशी सकाळी ते रजेवर घरी आले होते. चहा झाला, आंघोळ झाली, मला जवळ घेऊन झालं, आणि बँकेचं काम आहे म्हणून ते दापोलीला गेले. शेवटच्या गाडीने येतो म्हणाले. म्हणजे अंधार पडल्यावर, वरच्या रस्त्याने.

दिवेलागणीला घराच्या खालच्या, खाडीच्या वरच्या बागेतून हाक आली. एकच.

आमच्याकडे तिन्हीसांजेला पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. हाक माणसाची असेल तर माणूस दुसऱ्यांदा मारतो, तिसऱ्यांदा मारतो. जे माणूस नसतं ते एकदाच हाक मारतं, ओळखीच्या आवाजात मारतं, आणि जिथं तो माणूस असूच शकत नाही तिथून मारतं. हे मला कुणी शिकवलं नाही. दात घासायला शिकावं तसं ते आपोआप अंगात आलेलं असतं. बाबा दापोलीत होते. हाक बागेतून आली होती. मी तोंड उघडलं होतं, तेवढ्यात आईने मला ओढून आत घेतलं, दार लावलं, आणि देवापुढे जाऊन घंटा वाजवायला लागली. ती बराच वेळ वाजवत होती.

बाबांना दापोलीत कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे जागा मिळाली होती. ते लवकर आले, खालच्या रस्त्याला उतरले आणि बागेतून पायवाटेने वर निघाले. शेवटच्या गाडीनेही ते आले नाहीत म्हणून शेजारचे काका बॅटरी घेऊन शोधायला गेले, तेव्हा ते बागेच्या दगडी कुंपणाला, गडग्याला टेकून बसलेले सापडले. चिऱ्यांचा तो गडगा घरापासून फार लांब नाही. हातातली पिशवी मांडीवर होती, तीत खारी होती. डॉक्टर म्हणाले, झटक्यात गेले, कुणी पोचलं असतं तरी काही झालं नसतं. वाडीतल्या सगळ्यांनी ते वाक्य आईला पुन्हा पुन्हा ऐकवलं. आईने मान हलवली. त्यानंतर त्या संध्याकाळबद्दल ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि तिन्हीसांजेला कुणाच्याच हाकेला ओ देईनाशी झाली. पहिल्या नाही, दुसऱ्या नाही, तिसऱ्याही नाही. फोन वाजला तरी उचलायची नाही. लोकांनी तिला तऱ्हेवाईक ठरवलं. मीही ठरवलं होतं.

आणि आता ती दारात उभी होती.

"बंद कर," ती म्हणाली. मी बंद केलं. मग म्हणाली, "परत लाव."

मी परत लावलं. ती खाली बसली नाही, हात धुतले नाहीत. हाक आली, पडदा काळा झाला.

"पुढं काय हाय?"

"संपलं गो. नावं येतात फक्त."

"असं कसं संपेल? माणूस बोलतो नि मधीच संपतं होय?"

मी तिला समजावलं, की फिल्म जोडताना नको तो भाग कापतात. मग तिने जे विचारलं त्यासाठी ती इतकी वर्षं थांबली होती, हे मला तिच्या आवाजावरूनच कळलं. "मग कापलेलं कुठं ठेवतात?" इतका वेळ मी मोठ्या हुशारीने कॉलेजांची तुलना करत होते. तिने एका प्रश्नात ती संपवली.

तिला दुसरी हाक हवी होती. हवी म्हणजे, ती नाही हे कळायला हवं होतं. आपण घंटा वाजवत असताना बाबांनी पुन्हा हाक मारली की नाही, तिसऱ्यांदा मारली की नाही, एवढंच. एकदाच मारली असेल तर तिने जे केलं ते वाडीतल्या कुठल्याही बाईने केलं असतं. दोनदा, तीनदा मारली असेल तर एक जिवंत माणूस आपल्याच घराला हाका मारत होता आणि ती घंटा बडवत होती.

मी तिन्ही कॉलेजांना अर्ज केले होतेच. दक्षिणेतल्या कॉलेजने मुलाखतीला बोलावलं. आईने मामांना सांगितलं, मुलींचं होस्टेल बघून येते. खेडहून निघाल्यावर तिने भाकरी-चटणीचा डबा उघडून मला दिला आणि स्वतः खिडकीबाहेर बघत राहिली. आयुष्यात ती मुंबईपलीकडे गेली नव्हती. बोगदा आला की ती डोळे मिटायची. मी तिला कॉलेजची माहिती सांगायला लागले, तिथं आवाजाचा वेगळा विभाग आहे, वगैरे. ती म्हणाली, "तुझं तू बघ. मला काय ऐकायचंय ते मला ठाऊक."

मुलाखतीत मला विचारलं, आमचंच कॉलेज का. मी पाठ केलेलं उत्तर विसरले आणि फिल्मचं सांगून टाकलं. तरीवाला, खाडी, हाक. समोर तिघं मास्तर होते. त्यांतल्या एक बाई, पांढरे केस कापलेल्या, ध्वनी विभागाच्या होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हिंदीत विचारलं, "आई बाहेर बसल्यात का?"

त्यांची ऐकायची खोली तळमजल्यावर होती. दार जाड, भिंती जाड कापडाने मढवलेल्या. आत गेल्यावर दार लागलं आणि जगातला सगळा आवाज संपला. मला माझा श्वास ऐकू यायला लागला, मग आईच्या बांगड्या, मग आईचा श्वास. आईने बांगड्या दुसऱ्या हाताने दाबून धरल्या. बाई म्हणाल्या, पहिल्यांदा सगळ्यांना असंच होतं, इथं माणूस स्वतःलाच ऐकतो. मी ते आईला सांगितलं. ती म्हणाली, "माझं ऐकून झालंय."

कॉलेज काही टाकत नाही, हे बाईंनी सांगितलं. फिल्मसाठी घेतलेला प्रत्येक आवाज ते ठेवतात, पुढच्या मुलांना लागतो म्हणून. शोधायला वेळ लागला. त्या फिल्मचा आवाज करणाऱ्या मुलाने त्या संध्याकाळचं पूर्ण रेकॉर्डिंग जमा केलं होतं. बाईंनी आम्हाला दोन खुर्च्या दिल्या आणि आवाज सुरू केला.

खोलीत आमची बाग आली. याहून वेगळं मला सांगता येत नाही. रातकिडे डावीकडून सुरू झाले आणि हळूहळू मागेही सुरू झाले. शेजारच्यांच्या गाईची घंटा. खाली खाडीवर कुणीतरी वल्हं टाकल्याचा आवाज. पाल्यातून काहीतरी गेलं. मग पायांचा आवाज, वाळक्या पानांवर, दमलेला. मी आईकडे बघितलं नाही. पाय थांबले.

"अगोऽऽ"

फिल्ममध्ये ती लांबची हाक होती. इथं ती खोलीतच होती. हाकेच्या शेवटी बाबांना धाप लागलेली ऐकू आली. मग काहीच नाही, नुसते रातकिडे. मी दुसऱ्या हाकेची वाट बघत होते आणि ती येऊ नये म्हणूनही बसले होते.

"ओ."

कुणीतरी ओ दिली. बाईचा आवाज होता. मोठा नव्हता, घाईचा नव्हता. घरातलं माणूस कामात असताना देतं तशी ओ. त्यानंतर कुठेतरी दूर, जाड भिंतींच्या आतून यावी तशी देवाची घंटा वाजायला लागली. ती आमची घंटा होती. ती वाजत राहिली, रातकिडे ओरडत राहिले, आणि बाबांनी पुन्हा हाक मारली नाही. बाईंनी बराच वेळ रेकॉर्डिंग थांबवलं नाही. दुसरी हाक नव्हतीच.

आईच्या बांगड्या वाजल्या. तिने तोंडावर पदर घेतला होता आणि ती रडत होती. बाबा गेले तेव्हाही मी तिला असं रडताना बघितलं नव्हतं. "मी ओ दिली होती," ती म्हणाली. "आयकलंस ना? मी दिली होती ओ. माझ्याच ध्यानात नाय राह्यलं. त्यांना आयकू गेली, म्हणून मग नाय मारली परत." तिने माझा हात धरला आणि दाबला. "आयकलंस ना गो?"

मी म्हटलं, "आयकलं."

बाईंनी पडद्यावरच्या रेघांकडे बघत मला हिंदीत हळूच सांगितलं, की घंटा खूप लांबची आहे, पण ओ तशी नाही. ओ माइकच्या जवळची आहे, हाक मारणाऱ्यापेक्षाही जवळची. तिथं कोण होतं? त्यांनी त्या मुलाला फोन लावला. तो आता कुठल्याशा मालिकेचा आवाज बघतो. त्याला ते गाव आठवत होतं. तो म्हणाला, आपण रेकॉर्डर गडग्यावर ठेवला, चालू केला आणि निघून गेलो. तशीच पद्धत आहे. माणूस जवळ थांबला की त्याचा श्वास येतो, कपडे वाजतात. मग वर गडबड झाली, गावात कुणी वारल्याचं कळलं, त्यामुळे रेकॉर्डर दुसऱ्या दिवशी सकाळीच उचलला. नाही, तिथं कुणीच नव्हतं. आवाज जोडताना ती ओ त्यालाही सापडली होती. हाक हवी होती, ओ नको होती, म्हणून त्याने कापली.

"काय म्हणतात त्या?" आईने विचारलं.

"म्हणतात, रेकॉर्डिंग चांगलं आलंय."

परतीच्या गाडीत आई झोपली. बोगद्यांतही झोपली. मी जागी होते आणि ती संध्याकाळ पुन्हा पुन्हा आठवत होते, कारण मी तिथं होते. हाक आली तेव्हा मी आईला चिकटून उभी होते. मी ओ द्यायला तोंड उघडलं होतं, ते तिने बघितलं, आणि तिचा तळहात माझ्या तोंडावर आला. पिठाचा वास येत होता त्याला. मी मान वर करून तिच्याकडे बघत होते. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. ते मिटलेलेच होते, दार लावेपर्यंत, घंटा हातात घेईपर्यंत.

रत्नागिरी आली तेव्हा आई उठली, केस सारखे केले, आणि मी काही विचारायच्या आत म्हणाली, "हेच कॉलेज घे." मामांना तिने फोनवर सांगितलं, होस्टेल स्वच्छ आहे, बाई चांगल्या आहेत, पोरीचं भलं होईल. मामा तासभर बोलले असतील. तिने फोन मांडीवर ठेवला आणि तांदूळ निवडून घेतले.

आता मी तिथं दुसऱ्या वर्षाला आहे. मला विचारणारे विचारतात, कुठलं कॉलेज चांगलं. मी सांगते, पोरांच्या फिल्म ऐका. बाकीचं सांगत नाही. आवाज किती लांबून आला ते कसं ओळखायचं, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात; आणि दोन आवाज एकाच गळ्यातले आहेत की नाहीत, हे शेजारी शेजारी ठेवून कसं तपासायचं, तेही आता शिकवून झालंय. ती खोली मला सरावाची झाली आहे. एकटी असले तर दार मात्र पूर्ण लावत नाही.

दिवाळीत घरी गेले होते. तिन्हीसांज झाली होती, आई चुलीपाशी होती, आणि खालच्या अंगाने कुणीतरी हाक मारली. एकदाच. मी आईकडे बघितलं. आई मागे वळलीसुद्धा नाही. "ओ," म्हणाली, अगदी सहज, आणि फोडणी टाकली. शेजारच्या काकू होत्या, विळी मागायला आल्या होत्या. आई आता कुणालाही पहिल्याच हाकेला ओ देते. वाडीतल्या बायका तिला रागे भरतात. ती हसते आणि म्हणते, असू दे, कुणाला तरी लागत असेल.

तिची ती ओ माझ्या फोनमध्ये आहे. मी गंमत म्हणून रेकॉर्ड करत होते, तिला माहीत नाही. बागेतली ओ कॉलेजात आहे. दोन्ही शेजारी ठेवायला मला पाच मिनिटं लागतील. मी ते करत नाही.